कोटावरची जकात

आमच्या कॉलनीत कुणी परदेशातून परत आलं की लोक त्याला विचारतात, प्रवास कसा झाला, जेवणाचे हाल झाले का, थंडी किती होती. किसनतात्या यातलं काही विचारत नाहीत. ते फाटकातच उभे राहतात, बॅगांवरून एक नजर फिरवतात आणि म्हणतात, "शिक्का मारून घेतला का?"

ज्याला माहीत नाही तो गोंधळतो. पासपोर्टाबद्दल बोलतायत असं वाटून "हो, मारला की" म्हणतो. मग तात्या मान हलवतात. "त्यो न्हाई. कस्टमचा. खरेदीच्या फॉर्मवरचा." तसला काही शिक्का घेतला नाही म्हटलं, की तात्या त्या माणसाकडं इतक्या कळवळ्यानं बघतात की घरच्यांना वाटावं, वाटेत काहीतरी वाईट झालेलं दिसतंय.

भानगड अशी आहे. आपण पाहुणे म्हणून युरोपात गेलो आणि दुकानातून एखादी वस्तू घेतली, तर तिच्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला असतो. वस्तू देशाबाहेर नेणार असू तर तो कर परत मिळतो. दुकानदाराकडून फॉर्म घ्यायचा, परत येताना विमानतळावर कस्टमच्या माणसाला वस्तू दाखवायची, ती वापरलेली नसावी, त्यानं शिक्का मारला की पुढच्या खिडकीवर पैसे. आणि हे सगळं मोठी बॅग विमानात टाकायला देण्याच्या आधी. तात्यांनी हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी स्वतःच एक खिडकी उघडू शकेन.

गंमत म्हणजे तात्या स्वतः परदेशात गेले एकदाच, सहा आठवडे, आणि परतावा घेतला तोही एकाच वस्तूवर. यमुनावहिनींच्या लोकरी कोटावर. त्या एका कोटाच्या भांडवलावर हा माणूस गेली तीन वर्षं निम्म्या संगमनेरचा सल्लागार होऊन बसलाय. आणि त्याच कोटापायी या उन्हाळ्यात त्यांची जी तगमग झाली ती मी जवळून पाहिली. वहिनींना तो कोट आयुष्यात एकदा तरी बर्फात अंगावर घालायला मिळणार की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्याआधी तात्या कळायला हवेत.

तात्या नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. नाशिक-पुणे रस्ता तेव्हा गावातूनच जायचा. गावात विकायला येणाऱ्या मालावर जकात. पण जो ट्रक नुसता गावातून जाणार, नाशिकचा कांदा घेऊन पुण्याला निघालेला, त्यानं अलीकडच्या नाक्यावर अनामत भरायची, ताडपत्रीच्या दोरीला सील लावून घ्यायचं, आणि पलीकडच्या नाक्यावर ते सील शाबूत दाखवून पैसे परत घ्यायचे. तात्या पलीकडच्या, पुण्याच्या बाजूच्या नाक्यावर. म्हणजे परत देणाऱ्या खिडकीत.

या खिडकीचा त्यांना विलक्षण अभिमान. "भाऊ, घेनारे सगळेच असत्यात," ते मला सांगायचे. "सरकारच्या खुर्चीत बसून परत देनारा मानूस तुमी दुसरा दाखवा." एकदा म्हणे एक परमुलखातला ड्रायव्हर, त्याला पैसे परत मिळतात हेच ठाऊक नव्हतं, नाका ओलांडून सरळ पुढं निघून गेला. तात्यांनी पेटीला कुलूप लावलं, सायकल काढली आणि घाटाच्या अलीकडच्या ढाब्यापर्यंत त्याच्या मागं दामटली. ड्रायव्हर जेवत होता. खाकी शर्टातला माणूस धापा टाकत येतोय म्हटल्यावर तो ताटावरून उठून पळायलाच लागला. त्याला धरून, बसवून, सही घेऊन पैसे त्याच्या हातात दिले तेव्हा कुठं तात्या परत फिरले.

वीस-पंचवीस वर्षं झाली, जकात बंद झाली. नाक्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. तात्यांना घरपट्टीच्या टेबलावर बसवलं आणि तिथंच ते निवृत्त झाले. त्या टेबलाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. घरपट्टीत माणूस येतो, भरतो आणि जातो, त्याला परत काय द्यायचं, असं एकदाच म्हणाले होते. मला आठवतं, तेव्हा ते नाक्याच्या दुकानावरून चालतानासुद्धा उगाच थांबायचे, येणाऱ्या ट्रकच्या चाकांवरच्या दबलेल्या कमानपाट्यांकडं बघायचे आणि मला सांगायचे, "डाळिंब हाय. वरून सांगतोय त्यापेक्षा जादा भरलाय." मी दूध डेअरीतला माणूस, आयुष्य शीतगृहात गेलेलं. मला ट्रक म्हणजे ट्रक. पण त्यांचं बरोबर असायचं.

तर असा माणूस तीन वर्षांपूर्वी वहिनींना घेऊन म्युनिकला लेकीकडं गेला. लेक वैशाली आणि जावई दोघं तिथं नोकरीला. वहिनी मूळच्या जामखेडकडच्या, कोरड्या भागातल्या. पाण्याच्या हंड्यासाठी मैलभर चाललेली बाई. तिला परदेशाचं एकच आकर्षण होतं, बर्फ. फ्रीजमधला नव्हे, आभाळातून पडलेला. जाण्याच्या आधी महिनाभर आमच्या हिला, म्हणजे माझ्या बायकोला, त्या विचारत होत्या की त्यात पाय टाकला तर पाय रुततो का, आणि रुतला तर ओला होतो का.

तिथं वैशाली त्यांना बाजारात घेऊन गेली. वहिनी कुठल्याच वस्तूला हात लावीनात. एका दुकानापाशी मात्र थांबल्या. आत डाळिंबी रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी कोट लावलेला होता. वहिनी नुसत्या बघत उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांच्या संसारात तात्यांना एवढं कळत होतं. त्यांनी आत जाऊन कोट घेतला, नऊवारीवर घालून बघायला लावला, स्वतः हसले, वहिनींना हसवलं. सगळं छान चाललं होतं. मग दुकानातल्या मुलीनं वैशालीला विचारलं, हे पाहुणे आहेत का, मग कर परत मिळायचा फॉर्म हवा का.

वैशालीनं याचा मराठीत अर्थ सांगितला आणि तात्या तिथल्या स्टुलावर बसलेच. माल आत आला, बाहेर जाणार, मधे वापर नाही, बाहेर पडताना दाखवायचा आणि भरलेलं परत घ्यायचं. "आगं, जर्मनीत जकात चालू हाय," ते वहिनींना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी घरी फोन करून मलाही हेच सांगितलं. बोलणं थांबत नव्हतं. एवढा मोठा देश, आणि तात्यांच्या पलीकडच्या नाक्यावाचून त्याचं भागत नाही, याचा तो आनंद होता.

चौथ्या दिवशी जावयानं सगळ्यांना बर्फाच्या डोंगरावर नेलं. वहिनी पहाटेपासून तयार. कोटाची पिशवी काढली, तर तात्यांनी हात धरला. न वापरलेला माल दाखवायचाय. एकदा अंगावर चढला, त्याला वास लागला, बर्फ लागला, की संपलं. लेबल तोडायचं नाही. वैशाली चिडली, जावई म्हणाला, तात्या, जाऊ द्या ना, किती पैशांचा प्रश्न आहे, मी देतो. तात्या म्हणाले, पैशाचा प्रश्न कुठं आहे, कायद्यात न वापरलेला म्हणजे न वापरलेला. माणूस नाक्यावर तीस वर्षं सील तपासत बसला की असा होतो. त्याच्यापुढं कुणी बायको म्हणून उभं राहिलं तरी त्याला ताडपत्रीची दोरी दिसते.

वहिनी वाद घालणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी पिशवी परत कपाटात ठेवली. नऊवारीवर तात्यांचा जुना हातविणीचा स्वेटर, त्यावर शाल, त्यावर जावयाचं रेनकोटासारखं काहीतरी, कानाला मफलर, अशा त्या बर्फात उभ्या राहिल्या. त्यांचा तो फोटो तात्यांच्या हॉलमधे लावलाय. नव्या माणसाला आधी ते गाठोडंच वाटतं. मग त्यात डोळे दिसतात.

परत येताना तात्यांनी कोट धुतलेल्या पांढऱ्या चादरीच्या कापडात गुंडाळून चारी बाजूंनी सुईदोऱ्यानं शिवला. शिवणीच्या चारही टोकांना लाख वितळवून लावली आणि ती ओली असताना वर रुपयाचं नाणं दाबलं. लाखेची कांडी त्यांनी घरून नेली होती, ती कशासाठी हे मी विचारलेलं नाही. कस्टमच्या खिडकीमागं एक तरुण बाई होती. तिनं लाखेत उमटलेले नाण्यावरचे सिंह पाहिले, तात्यांकडं पाहिलं आणि दोन साहेबांना बोलावून आणलं. आता काय होतंय म्हणून वैशाली घाबरली. पण त्या साहेबांतला एक वयस्कर होता, त्यानं लाखेवरून बोट फिरवलं, शिवण कापली, कोट पाहिला, लेबल पाहिलं आणि शिक्का मारला. तात्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. भाषा नव्हती, पण नाक्यावरच्या माणसाला नाक्यावरचा माणूस कळतो, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

मिळालेल्या पैशांतून इथं आल्यावर त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. हिशेब केला तर पेढ्यांना थोडे कमीच पडले असतील.

तिथून पुढं हे वेड सुरू झालं. एका प्लास्टिकच्या फायलीत शिक्का मारलेल्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन तात्या फिरू लागले. कुणाच्या घरी परदेशाचं ठरलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला हजर. आमच्या समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा मुलगा लग्नानंतर बायकोला घेऊन पॅरिसला निघाला. त्या दोघांना समोर बसवून तात्यांनी पाऊण तास समजावलं. पोरगी हुशार, तिनं वहीत उतरवून घेतलं. परत आल्यावर म्हणाली, काका, रांग इतकी मोठी होती की आमच्या दोघांचे एकत्र असलेले निम्मे फोटो त्या रांगेतलेच आहेत. तात्यांनी ते फोटो मागवून घेतले आणि रांगेची व्यवस्था कशी आहे ते बारकाईनं पाहिलं.

मी त्यांना चिडवायचो. तुमच्यामुळं त्या देशांची तिजोरी रिकामी होतेय, तुम्हाला आता व्हिसा मिळायचा नाही, असं म्हणायचो. ते हसायचे. वहिनी आतून चहा आणायच्या, आमच्याबरोबर हसायच्या. कोटाचं नाव कधी काढायच्या नाहीत.

कोट कपाटात होता. आमच्या गावात तो घालायचा कधी? डिसेंबरात पहाटे एकदा वहिनींनी अंगावर घेतला, तर अंगणात तुळशीपर्यंत जाईस्तोवर त्यांना घाम फुटला. उतरवून, डांबराच्या गोळ्या घालून परत ठेवला. लेबल अजून तसंच लोंबत होतं. तोडायचं काही कारणच घडलं नव्हतं. पुढच्या थंडीत वैशालीकडं परत जायचं ठरत होतं, तेव्हा घालीन, असं त्या म्हणायच्या.

मग गेल्या दिवाळीनंतर वहिनींच्या पायात रक्ताची गाठ झाली. औषधांनी बरं वाटलं, हिंडू-फिरू लागल्या, पण डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास कायमचा बंद केला. ती बातमी वहिनींनी आमच्या हिला सांगितली, आणि त्याच ओघात म्हणाल्या की आता त्यो कोट वैशालीला नाहीतर भाचीला देऊन टाकावा म्हणते. बर्फात उभं राहून तो एकदा अंगावर घ्यायचा होता, तेवढीच हौस होती, बाकी काय. ही आत स्वयंपाकघरात, तात्या बाहेर ओट्यावर फाईल घेऊन बसलेले. खिडकी उघडी होती.

त्यानंतर फाईल दिसेनाशी झाली. कॉलनीतल्या एका मुलीचं इटलीला जायचं ठरलं, तात्या गेले नाहीत. तिच्या वडलांनी मलाच विचारलं, तात्यांची तब्येत बरी आहे ना. मी त्यांना गाठलं तर म्हणाले, ऊन फार आहे. ऊन होतंच, मे महिना होता. पण तात्या उन्हाला भिणारे नव्हेत. दुपारी कपाट उघडून कोटाकडं बघत बसतात, रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होतात, असं वहिनी हिला सांगायच्या. त्यांना वाटत होतं नवऱ्याला काही दुखणं लागलंय.

एक दिवस सकाळी तात्या माझ्याकडं आले. चहा नको म्हणाले. चप्पल न काढताच टेकले. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या त्या शीतगृहात बर्फ साचतो का?"

मी म्हटलं, साचतो. दुधाच्या खोलीत नाही, पण लोण्याचे खोके ठेवायची खोली असते ती पाण्याच्या गोठणबिंदूच्या खाली पार वीस अंशांपर्यंत जाते. तिथं नळ्यांवर, दाराच्या चौकटीवर, भिंतीच्या कोपऱ्यात बर्फाचा थर धरतो. आमच्या पोरांना तो खरवडावा लागायचा. बोलता बोलता मला कळलं ते कशासाठी विचारतायत. खरं सांगतो, तीन वर्षं त्या माणसाची चेष्टा केली त्याची मला लाज वाटली.

बेलापूर रस्त्याच्या डेअरीत आता जो मॅनेजर आहे तो माझ्या हाताखाली शिकलेला. त्याला सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही. पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही, दार उघडं राहील, मी स्वतः सोबत असेन, एवढ्या अटी घालून त्यानं रीतसर परवानगी दिली. वहिनींना तात्यांनी फक्त एवढंच सांगितलं की भाऊंची डेअरी बघायला जायचंय, कोट बरोबर घे.

त्या दिवशी बाहेर अंगाची लाही होत होती. तात्यांनी वहिनींना जुन्या स्कूटरवर मागं बसवून आणलं, मी माझ्या गाडीवर. आत वहिनींनी नऊवारी वर खोचली, पोरांनी त्यांच्या पायांत गमबूट चढवले. तात्यांना आणि मला कामगारांची जाड जाकिटं दिली. मी दाराचा खटका ओढला आणि आतला पांढरा धूर आमच्या पायांवर आला.

वहिनी उंबऱ्यातच थांबल्या. खोके रचलेले, वरच्या नळ्या बर्फानं फुगलेल्या, कोपऱ्यात भुसभुशीत ढीग साचलेला. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा हातातल्या कोटाकडं, आणि मग तात्यांकडं.  तात्यांनी खिशातून घरची छोटी कात्री काढली आणि कोटाचं लेबल कापलं. कात्री दोनदा निसटली. मग कोट झटकून त्यांनी वहिनींच्या खांद्यावर धरला.

"यमुना, त्या दिवशी डोंगरावर मी चुकलो," तात्या म्हणाले. "लई चुकलो."

वहिनींनी बाह्यांत हात घातले. कोपऱ्यातल्या ढिगापाशी गेल्या, वाकून ओंजळभर बर्फ उचलला, पायानं थोडा दाबूनही बघितला. मग तोंडातून वाफ सोडत म्हणाल्या, "चुकला तर चुकला. आता ही बटनं लावा. माजी बोटं वाकंनात."

तात्या गुडघ्यावर बसले आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. मी तापमानाच्या काट्याकडं तोंड करून उभा राहिलो. पस्तीस वर्षं असल्या खोल्यांत काढली, पण माझ्या डोळ्यांना थंडीनं कधी पाणी आलं नव्हतं. पाच मिनिटांची सात झाली. मॅनेजरनं घड्याळ बघितलं आणि दार तसंच धरून ठेवलं.

बाहेर आल्यावर पोरांनी जाकिटं काढून घेतली. वहिनींनी कोट काढला नाही. मी म्हटलं, वहिनी, ऊन बघा काय आहे, चक्कर येईल. त्या म्हणाल्या, येऊ द्या. मेच्या टळटळीत दुपारी, डाळिंबी लोकरी कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेली ती बाई स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसली. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. फाटकातला पहारेकरी खुर्चीवरून उठून बघत राहिला.

मी त्यांच्या मागोमाग निघालो. गावात शिरल्यावर आमच्या कॉलनीचा रस्ता डावीकडं वळतो. तात्यांनी स्कूटर हळू केली, मागं वळून वहिनींना काहीतरी विचारलं. वहिनींनी कोटाची कॉलर नीट केली आणि होकारार्थी मान डोलावली. मग तात्यांनी गाडी उजवीकडं घातली, भर बाजारपेठेत.